मोरी कोणाची?

गेल्या आषाढातली गोष्ट. आवणी उरकून चार दिवस झाले होते. सकाळी शेतावर निघालो तर वाटेत मोबाइल वाजला. चष्मा काढला, लावला, वाचलं. ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. धन्यवाद.’ मी त्या वेळी मोरीवरच उभा होतो. ज्या मोरीची तक्रार, त्याच मोरीवर. खाली नळ्यांच्या तोंडात फुटक्या फरशा, सिमेंटच्या गोण्या, विटांचे तुकडे गच्च बसलेले. ओढ्याचं पाणी अडून फुगलेलं आणि बांध फोडून माझ्या खाचरात शिरलेलं. इंद्रायणीची रोपं शेंडे वर काढून उभी होती, बुडणाऱ्या माणसानं हात वर करावा तशी. आणि हातातला फोन म्हणतोय, निकाली.

नातवाला फोन लावला. तक्रार त्यानंच टाकली होती, फोटोसकट. तो म्हणाला, “आबा, त्यांच्याकडं ती क्लोज झालीय. आता नवीन टाकावी लागेल.”

“आरं पण पाणी?”

“पाण्याचं त्यात काही येत नाही.”

त्याचं खोटं नव्हतं. पाण्याचं त्यात काही येत नाही. तक्रार मिटते, पाणी तसंच राहतं. पूर्वी पाणी ओसरलं की तक्रार आपोआप मिटायची. आता उलटं झालंय.

ही मोरी काही मोठी नव्हे. पाणंदीवरची, दोन नळ्यांची. बैलगाडी जाईल एवढी रुंद. बहात्तरच्या दुष्काळात, दुष्काळी कामावर बांधलेली. आमच्या मुळशीच्या अंगाला पाऊस बरा, पण त्या साली आमचेही हात रिकामे होते. माझा बाप खडी फोडायला होता, आई घमेली वाहायला. मी मराठी शाळेत होतो. सुट्टीत सुकडी मिळती म्हणून आईच्या मागं जायचो. म्हणून त्या मोरीचा मला जरा जास्तच पुळका आहे, हे आधीच कबूल करतो.

फोन गप्प बसला तसा मी पायानं निघालो. चार कचेऱ्या फिरलो. त्यांची नावं लिहीत नाही. एकीचं लिहिलं तर बाकीच्या तीन सुटतील. पहिलीनं सांगितलं, रस्ता आमचा असेल, पण ओढा आमचा नाही. दुसरीनं सांगितलं, ओढा आमचा, पण मोरी ही रस्त्याची वस्तू आहे. तिसरीतल्या पोरानं कॉम्प्युटर फिरवून दाखवला, “काका, नकाशावर इथं मोरीच नाहीये.” चौथ्या ठिकाणी बाईनं प्यायला पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली आणि म्हणाली, “आधी ऑनलाइन टाका, मग बघू.” मी म्हटलं, बाई, मी ऑनलाइनवरूनच आलोय.

नकाशावर मोरी नाही हे ऐकून मला राग आला नाही, हसू आलं. माझ्या आईच्या डोक्यावरचे केस घमेल्यांनी झिजले ते कुठल्या नकाशावर?

आता आमचं गाव कुठलं ते सांगतो. बावधन म्हटलं की लांबची माणसं विचारतात, बगाडाचं का? ते वाईचं बावधन. ते वेगळं. आमचं पुण्याच्या पश्चिमेचं, चांदणी चौकाच्या पलीकडचं, रामनदीच्या काठचं. त्यातही दोन. बावधन खुर्द १९९७ सालीच पुणे महापालिकेत गेलं. बावधन बुद्रुक मागं राहिलं, ग्रामपंचायतीत. मग ३० जून २०२१ ला तेही गेलं. म्हाळुंगे, सूस, किरकटवाडी, नांदेड, खडकवासला, नऱ्हे, मांजरी बुद्रुक, वाघोली अशी तेवीस गावं एका कागदावर शहरात गेली. पुणे महापालिका क्षेत्रफळानं राज्यात सगळ्यात मोठी झाली, अशा बातम्या आल्या. पेपरवाल्यांना त्याचा केवढा आनंद. पोट मोठं झालं की माणूस सुदृढ झाला असं समजायची आपल्याकडं पद्धतच आहे.

पण आम्ही नेमके कोणाचे झालो ते ऐका. महापालिका पुण्याची. सातबारा, फेरफार पौडच्या तहसीलात. पोलीस पिंपरी-चिंचवडचे. गावं महापालिकेत गेली, पण बांधकामाचं नियोजन मात्र त्याच जुलैमध्ये सरकारनं पीएमआरडीएकडं ठेवलं. विधानसभेला आम्ही भोर मतदारसंघात आणि लोकसभेला बारामतीत. घरात चोर शिरला तर एका शहराला हाक मारायची, गटार तुंबलं तर दुसऱ्या, बांध कोरला तर तालुक्याला. पाच घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तो पाहुणा म्हणजे आम्ही.

ग्रामपंचायत होती तेव्हा काय सोन्याचा धूर निघत होता, असं शहरातला वाचक विचारील. नव्हता निघत. मी जुन्याची आरती करायला बसलेलो नाही. आमच्या पंचायतीत काय काय झालं ते मला ठाऊक आहे. मुरूम आला दहा गाड्या, पडला सात. दिव्यांचे खांब सरपंचाच्या भावकीच्या आळीत आधी, आमच्या आळीत नंतर. बिल्डर लोक आले तशा ठरावांच्या वह्या जाड झाल्या आणि काही घरांना मजलेही चढले. हे सगळं खरं.

पण एक प्रसंग सांगतो. ऐंशीच्या दशकातला, साल नक्की आठवत नाही. हीच मोरी पालापाचोळ्यानं तुंबली होती. माझा बाप सकाळी सहाला सरपंचाच्या दारात जाऊन उभा राहिला. आत गेला नाही, ओट्यावर बसला नाही, नुसता उभा. सरपंच दात घासत बाहेर आला. बाप एवढंच बोलला, “तुझं रान मोरीच्या वरच्या अंगाला हाय म्हणून तुला झोप लागती.” घरातल्या बायका दारात आल्या, शेजारी गोळा झाले. आठ वाजता सरपंच, दोन गडी आणि मी, असे फावडी घेऊन मोरीत उतरलो होतो. सरपंच गुडघाभर चिखलात. त्यानं बापाला मनातल्या मनात शिव्या दिल्याच असतील. पुढं दोन वर्षं आमच्याशी बोलला नाही. पण मोरी त्या दिवशी दुपारच्या आत मोकळी झाली.

तो माणूस काही संत नव्हता. दहा गाड्या मुरमातल्या तीन गाड्या कुठं गेल्या ते त्यालाच माहीत. पण त्याला दार होतं. माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे. पुढाऱ्याला दार असतं. दारात उभं राहता येतं. त्याच्या लग्नाला आपण जेवलेलो असतो, त्याच्या म्हातारीच्या मयताला खांदा दिलेला असतो, म्हणून त्याला तोंड चुकवता येत नाही. अ‍ॅपला दार नाही. त्याला तोंडच नाही, तर ते चुकवील काय?

ग्रामसभाही अशीच. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या तारखांना दवंडी व्हायची, पुढं पुढं रिक्षावरचा कर्णा. वर्षातून चार सभा तरी घ्यायच्याच असा कायदा. निम्म्या वेळा माणसं भरायची नाहीत, तहकूब व्हायची. घरोघरी वही फिरवून सह्या गोळा करायचे, तेही बघितलंय. पण ज्याला भांडायचं त्याला भांडायला जागा होती. आमच्या वरल्या आळीची एक म्हातारी होती, तिला सही येत नव्हती. ती दर सभेला उठून एकच प्रश्न विचारायची, “माझ्या दारातला नळ कधी?” लोक हसायचे. चौथ्या की पाचव्या सभेनंतर नळ आला. लोकांचं हसणं सरपंचाला जड झालं म्हणून आला. ती म्हातारी आज असती तर तिनं कुठल्या रकान्यात लिहिलं असतं?

३० जून २०२१ ला पंचायत गेली. सरपंच गेला, सदस्य गेले, ग्रामसभा गेली. त्यांच्या जागी नगरसेवक यायला हवा होता. आला नाही. महापालिकेचीच मुदत १४ मार्च २०२२ ला संपली आणि निवडणूक झालीच नाही. प्रभाग तीनाचा की चाराचा, ओबीसी आरक्षणाचं काय, कोर्टात तारीख, पुन्हा तारीख. आयुक्त हेच प्रशासक झाले. म्हणजे प्रस्ताव मांडणारेही तेच आणि मंजूर करणारेही तेच. हजारो कोटींचं अंदाजपत्रक, आणि हात वर करायला सभागृहात एकही निवडून आलेला माणूस नाही. शेवटी ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की आता घ्या निवडणुका. तरी मतदानाला १५ जानेवारी २०२६ उजाडला.

पुण्याच्या जुन्या पेठांना चार वर्षं नगरसेवक नव्हता. आम्हाला साडेचार वर्षं काहीच नव्हतं. ना सरपंच, ना नगरसेवक. बोटं मोजून बघा. त्या काळात आमच्या गावात जन्मलेलं पोर बालवाडीत गेलं, पण त्याच्या आळीला विचारणारा माणूस नव्हता.

माझी नात कायद्याचं शिकते. तिनं मला राज्यघटना काढून दाखवली. नगरपालिकांसाठीची ७४ वी घटनादुरुस्ती १९९२ ची. त्यात साफ लिहिलंय की मुदत पाच वर्षांची, त्याहून जास्त नाही, आणि मुदत संपायच्या आत निवडणूक पुरी करायची. मी दहावी शिकलेला माणूस, पण एवढं मराठी मला कळतं. शेतकऱ्यानं पीककर्जाचा हप्ता चार वर्षं थकवला तर त्याच्या दाराला नोटीस चिकटते. सरकारनं निवडणूक चार वर्षं थकवली तर नोटीस कोणाच्या दाराला चिकटवायची? या काळात राज्यात सरकारं आली, फुटली, गेली, पुन्हा आली. अलीकडचे पलीकडं बसले, पलीकडचे अलीकडं आले. एकमेकांना चोर म्हणणारे सगळेच होते. पण आमची निवडणूक पुढं गेली यावर घसा बसेपर्यंत ओरडलेला मला तरी त्यांच्यात कोणी दिसला नाही. नगरसेवक नसला की वरच्याची सत्ता वाढते, मग तो वरचा कोणत्या का झेंड्याचा असेना.

आता काही शिकलेली, सोसायट्यांतली माणसं मला म्हणतात, “काका, बरंच झालं. नगरसेवक म्हणजे टक्केवारी. अधिकारी शिकलेले असतात, अ‍ॅपवर सगळं पारदर्शक.” त्यांना माझा उलट प्रश्न असतो. तुमच्या सोसायटीत अजून टँकर येतो ना? येतो. बावधनच्या बिल्डिंगा दारातल्या टँकरवरनं ओळखाव्या. चाळीस-पन्नास लाखांचं, कोटीचं घर घेतलं आणि पाणी विकतचं. याचा जाब तुम्ही साडेचार वर्षं कोणाला विचारला? व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर एकमेकांना विचारला. आमच्या खाचरात पाणी नको तेवढं, तुमच्या नळाला हवं तेवढं नाही, आणि दोघांनाही दार नाही. त्या अर्थी आपण एका गावचे झालो.

चोर नगरसेवकाला पाच वर्षांनी पाडता येतं. बदलून गेलेल्या साहेबाला कसं पाडणार? तो वाईट असतो असं नाही. काही फार चांगले आले. पण चांगला असो की वाईट, त्याला आमच्यात राहायचं नसतं, आणि आमच्या मतानं त्याचं काही अडत नाही.

मी मोबाइलचा शत्रू आहे असं कोणी समजू नये. सातबाऱ्यासाठी तलाठ्याच्या मागं मी माझी निम्मी जवानी घालवली. आज पौडला, उद्या साहेब मीटिंगला, परवा दप्तर वर गेलंय. मग चहा, मग पाकीट. आता डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत मोबाइलवर मिळतो. पहिल्यांदा नातवानं काढून दिला तेव्हा मी तो कागद दोनदा वाचला. फुकट चहा पाजायला लागला नाही याचा आनंद सातबाऱ्यापेक्षा मोठा होता. ज्यानं हे केलं त्याला माझा नमस्कार. (तलाठ्याचं नावही सरकारनं २०२४ मध्ये बदललं, ग्राम महसूल अधिकारी. आम्ही अजून तलाठीच म्हणतो, आणि ओ पण देतात.)

तेव्हा भांडण यंत्राशी नाही. सातबारा हा कागद आहे. कागद द्यायला यंत्र चांगलं, ते चहा पीत नाही. पण मोरी तुंबली तर कोणाची, आधी कोणती आळी, पैसा रस्त्याला घालायचा की दवाखान्याला, ही कागदाची कामं नव्हेत. ही भांडणाची कामं आहेत. दहा माणसांनी एकत्र बसून, आवाज चढवून, एकमेकांची उणीदुणी काढून ठरवायची. ती यंत्रावर ढकलली की भांडण थांबतं आणि लोकांना वाटतं, सगळं सुरळीत आहे.

अंगठ्याचं बघा. आमच्या आजाला सही येत नव्हती. सावकाराच्या कागदावर त्याचा अंगठा बरोबर उमटायचा. एकदाही चुकला नाही. दोन रानं त्या अंगठ्यानं गेली. आणि आमची मंडळी गेल्या वर्षी एका बँकेत स्वतःचे पैसे काढायला गेली. जन्मभर शेण काढलं, भाताची लावणी केली, राखेनं भांडी घासली. बोटांवरच्या रेघा राहतील कशा? समोरचा पोरगा भला होता. “आजी, बोट पुसा, परत लावा.” सहा वेळा लावलं. शेवटी तो म्हणाला, “आजी, तुमचं बोट येत नाहीये.” ती म्हणाली, “बोट तर माझ्याच हाताला हाय की.” रांग हसली. ती घरी येऊन काही बोलली नाही. चुलीजवळ बसून बोटं बघत राहिली. माणसाकडून घ्यायचं असेल तेव्हा अंगठा चालतो, माणसाला द्यायचं असेल तेव्हा जुळत नाही. आजाच्या वेळेपासून हा हिशोब काही फार बदललेला नाही.

पिकाची नोंदही २०२१ पासून शेतकऱ्यानंच मोबाइलवर करायची. शेतात उभं राहून फोटो काढायचा. कल्पना चांगली. पूर्वी चावडीत बसून पिकं लिहायचे, ज्वारीच्या जागी ऊस आणि उसाच्या जागी पडीक. मी उभा राहिलो माझ्या बांधावर, आणि फोन म्हणाला, तुम्ही निवडलेल्या गटापासून दूर आहात. चार पावलं पुढं गेलो, तरी दूर. चिखलात मध्यभागी जाऊन उभा राहिलो, तरी दूर. शेजारच्या बिल्डिंगीतली एक मुलगी गच्चीवरनं बघत होती. तिला वाटलं असेल, म्हातारा सेल्फी काढतोय. शेवटी शेजाऱ्याच्या रानात जाऊन फोटो काढला तेव्हा माझं भात लागलं. असंच चाललं तर उद्या हे गावही नकाशावर शेजारच्या गटात सापडेल.

चांदणी चौकाचं सांगितल्याशिवाय बावधनची गोष्ट पुरी होत नाही. तिथल्या कोंडीत आम्ही किती वर्षं काढली! २०१७ च्या ऑगस्टमध्ये नव्या पुलाचं भूमिपूजन झालं. मग जमिनीचं संपादन रेंगाळलं. त्यात आमच्या लोकांनीही वेळ खाल्ला, ते नाकारत नाही. भाव वाढतोय म्हटल्यावर कोण लवकर सही करतो? दवाखान्याच्या गाड्या अडकल्या, पोरांच्या परीक्षा चुकल्या, काही झालं नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मुख्यमंत्री एकनाथ शिंदे साताऱ्याकडं जाताना त्याच कोंडीत अडकले. लोकांनी त्यांना तिथंच गाठलं. आणि मग चक्रं अशी फिरली की २ ऑक्टोबरला मध्यरात्रीनंतर एकच्या सुमाराला ६०० किलो स्फोटकं लावून जुना पूल उडवलासुद्धा. १२ ऑगस्ट २०२३ ला नव्या चौकाचं उद्घाटन झालं. चालत रस्ता ओलांडणाऱ्यालाही एक पूल लागतो हे मात्र मागाहून सुचलं. आराखडा काढणारा बहुतेक गाडीतून उतरलाच नसेल.

लोक म्हणतात, बघा, मनावर घेतलं की कामं होतात. मी त्यातनं वेगळं शिकलो. एवढे पोर्टल, एवढे टोल-फ्री नंबर, एवढी तक्रारींची डोंगरं, आणि काम हललं ते कशानं? एक माणूस, ज्याला आपण निवडून देतो, तो आपल्याच धुरात आपल्या शेजारी अडकला आणि लोकांना त्याचं तोंड दिसलं यानं. सरपंच गुडघाभर चिखलात उतरला होता, तीच ही गोष्ट. आणि तारीख बघा, २ ऑक्टोबर. पंचायत असती तर त्या दिवशी आमची ग्रामसभा असती. आम्ही गच्चीवर उभे राहून धुरळा बघत होतो. पूल एका दणक्यात पुरता पडला नाही, लोखंड निघालं जास्त. उरलेला मशीन लावून पाडावा लागला. आमच्यातला एक म्हातारा म्हणाला, “जुन्या कामात लोखंड असतं बाबा.” मला तेव्हा मोरी आठवली.

आता आमचं आम्ही. ‘गाव शहरात जाणार’ म्हटल्यावर आम्ही काय केलं? पेढे वाटले काहींनी. गुंठ्याचा भाव वाढणार होता ना. ज्या रानात आमच्या बायकांनी भात कापला, ते रान आम्ही चौरस फुटावर विकलं. पैसे आले, गाड्या आल्या, गाडीच्या काचेवर गावाचं नाव आलं. गाव काचेवर गेलं तेव्हाच पारावरनं उतरलं होतं. पंचायत गेली त्या दिवशी एक माणूस रडला नाही. मीपण नाही. मी माझं सव्वा एकर ठेवलं, ते काही तत्त्वासाठी नाही, भावाची सही मिळाली नाही म्हणून. आता तोच बांध मला शहाणपणाचा वाटतो, हा भाग वेगळा. पण ज्या ग्रामसभेला आम्ही गेलो नाही, ती गेल्याबद्दल आज कोणत्या तोंडानं ओरडायचं, हा प्रश्न रात्री झोप नाही आली की पडतो. तरी ओरडतो. बापाला औषध वेळेवर दिलं नाही म्हणून तो गेल्यावर रडू नये असं थोडंच आहे?

१५ जानेवारीला मतदान केलं. प्रभाग चौघांचा, म्हणून चार वेळा बटण दाबायचं. आमची मंडळी बाहेर येऊन म्हणाली, “चारातला आपला कुठला?” मी म्हटलं, चारही. ती म्हणाली, “म्हंजी एकपण नाही.” चार भावांत एक बैल असला तर त्याला वैरण कोणी टाकायची याची पंचाईत होते, ते तिनं घरात बघितलेलं आहे. प्रभागही एवढा मोठा की आमची पाणंद त्यात शोधायला दिवा लागेल. ग्रामपंचायतीत सदस्याला माझ्या खाचराचा बांध ठाऊक असायचा. इथं निवडून आलेला एखादा सबंध पाच वर्षं त्या पाणंदीनं न जाता काढू शकतो. तरीही मी म्हणतो, नव्हतं त्यापेक्षा हे बरं. चार का होईना, दारं आहेत.

पावसाळ्यात त्या वेळी मोरी आम्हीच मोकळी केली. मी, धाकटा भाऊ आणि खालच्या रानातला एक जण. आमच्या तिघांच्या वयाची बेरीज दोनशेच्या आसपास. फावड्यानं फरशा निघेनात, मग भाड्यानं जेसीबी आणला, पैसे तिघांत वाटून घेतले. भावाशी वाटणीवरनं बोलणं बंद होतं ते त्या निमित्तानं सुरू झालं. चार खाचरांपैकी दोन वाचली. दसऱ्यानंतर पुन्हा कोणीतरी रात्री राडारोड्याचे दोन डंपर त्याच ठिकाणी ओतून गेलं.

निवडणुकीचा गुलाल वाळल्यावर मी अर्ज लिहिला. नातू म्हणाला, “आबा, टाइप करून देतो, मेल करू.” मी नको म्हटलं. आखीव कागदावर, निळ्या शाईनं, दहावीच्या अक्षरात लिहिला. मोरी कोणी बांधली, कधी बांधली, दोन नळ्यांची आहे, नकाशावर नसली तरी पाणंदीवर आहे. खाली अकरा जणांच्या सह्या आणि दोघींचे अंगठे. त्यात एक आमच्या मंडळीचा. शाईच्या डब्यावर तो झकास उमटला.

चौघांसाठी चार प्रती केल्या. तिघं घरी नव्हते, प्रती घरच्यांच्या हातात दिल्या. चौथा भेटला. तरणा आहे, माझ्या थोरल्या मुलाच्या वयाचा. कोणत्या पक्षाचा ते लिहीत नाही, मोरीला पक्ष नाही. त्यानं अर्ज उभ्या उभ्या वाचला, म्हणाला, “काका, बघतो.” मी म्हटलं, बघा, पण आधी पोच द्या. त्यानं आतून शिक्का मागवला. शिक्का, तारीख, सही.

ती पोच सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवली आहे. त्याचं घर कुठं आहे ते बघून आलोय. ओटा आहे, जाळीचं दार आहे, कुत्रं आहे पण बांधलेलं असतं. तो सकाळी साडेसहाला फिरायला निघतो म्हणतात. पंधरा दिवसांनी सहाला जाऊन उभा राहणार आहे.